गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे?

जून-जुलैचे दिवस आले की नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरांतून एक ठरावीक गडबड सुरू होते. मुलगा किंवा मुलगी बारावी उत्तीर्ण झालेली असते, दूरच्या एखाद्या शहरी प्रवेश मिळालेला असतो, आणि पूर्वीच्या ट्रंकेऐवजी आता चाकांची बॅग भरली जात असते. महाविद्यालयाने मागितलेल्या कागदांत एक प्रतिज्ञापत्र असते. आपला पाल्य कोणाचाही छळ करणार नाही, केल्यास होणारी शिक्षा आम्हांस मान्य राहील, असा त्याचा आशय. कचेरीत दिवसभर कागद चाळणारा बाप हा एकच कागद न वाचता सही करून मोकळा होतो.

हा कागद कोठून आला, त्याच्यामागे किती काळाचा आणि किती जिवांचा इतिहास उभा आहे, हे थोडक्यात सांगावे एवढाच या लेखाचा हेतू. आम्हीही तो एकदा न वाचता पुढे सारला होता. त्याची हकीकत ओघाने येईल.

नवागतांचा छळ ही आजकालची विकृती आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. इसवी सनाच्या चौथ्या शतकात अथेन्स येथे शिकावयास गेलेल्या ग्रेगरी नाझियान्झसने आपल्या मित्रावरील मृत्युलेखात तेथील नव्या विद्यार्थ्याचे वर्णन केले आहे. त्याची थट्टा कशी होई, त्याला मिरवणुकीने स्नानगृहापर्यंत कसे नेले जाई आणि दारापाशी आरडाओरडा करून कसे घाबरविले जाई, हे सर्व त्याने लिहून ठेविले आहे. पुढे सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने कायद्याच्या अभ्यासक्रमाविषयी जी आज्ञा काढली, तीत कायदा शिकणाऱ्यांनी आपल्या सहाध्यायांशी, विशेषतः नव्याने आलेल्यांशी, हीन आणि दास्याला शोभणारी थट्टा करू नये असा स्पष्ट निर्बंध आहे. ज्यांनी रोज आज्ञापत्रे हाताळली आहेत त्यांना या आज्ञेतील पुढचा भाग अधिक मोलाचा वाटेल. सम्राटाने नुसती मनाई करून हात झटकले नाहीत. कॉन्स्टँटिनोपल येथे अंमलबजावणी नगराधिकाऱ्याने करावी, आणि बैरूत येथे प्रांताधिकारी, बिशप व कायद्याचे अध्यापक यांनी मिळून करावी, असे त्याने नेमून दिले. जबाबदार अधिकारी कोण हे न सांगणारा हुकूम हुकूमच नव्हे, हे त्याला ठाऊक होते.

मध्ययुगीन युरोपात हा प्रकार अधिकच रुजला. पॅरिसमध्ये नव्या विद्यार्थ्याला 'पिवळ्या चोचीचे पिल्लू' म्हणत आणि त्याच्याकडून मेजवानीचे पैसे उकळीत. जर्मन विद्यापीठांत त्याच्या डोक्याला शिंगे बांधून ती करवतीने कापण्याचा आणि खोटे सुळे उपटण्याचा विधी असे. पशूचा माणूस झाला, असा त्याचा अर्थ लावला जाई. पुढे विद्यापीठांनी हा विधी आपल्याच देखरेखीखाली घेतला, आणि मार्टिन ल्यूथरसारख्या धर्मसुधारकाने त्याला नैतिक शिकवणीचा मुलामाही दिला. येथेच या प्रश्नाची एक जुनी गोम दिसते. संस्थेला जे थांबविता येत नाही, त्याला ती परंपरा म्हणू लागते. आणि एकदा परंपरा म्हटले की तक्रार करणारा हा परंपरेचा द्रोही ठरतो.

आपल्या देशात १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठे स्थापन झाली. गुरू हा पित्यासमान, ही आपली जुनी भावना आणि सरकारी महाविद्यालयांची साहेबी शिस्त यांचा त्या व्यवस्थेत मिलाफ झाला. दोहोंचा निष्कर्ष एकच होता. विद्यार्थ्याने ऐकावे, बोलू नये. गाऱ्हाणे घेऊन जाणे हेच मुळी उद्धटपणाचे लक्षण समजले जाई.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील आहे. १९१६ च्या जानेवारीत इतिहासाचे प्राध्यापक ओटन यांनी वर्गाबाहेरील गोंगाटावरून काही विद्यार्थ्यांना धक्काबुक्की केल्याची तक्रार झाली. वर्गप्रतिनिधी म्हणून सुभाषचंद्र बोस प्राचार्य जेम्स यांच्याकडे गेले. समाधान झाले नाही, तेव्हा विद्यार्थ्यांनी संप केला. पुढे प्राध्यापक व विद्यार्थी यांच्यात समेट झाला. परंतु संपकऱ्यांना केलेला दंड प्राचार्यांनी माफ केला नाही. फेब्रुवारीत तसाच प्रकार पुन्हा घडल्याचा बोभाटा झाला, आणि या वेळी विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांनाच मारहाण केली. मग सरकार जागे झाले. महाविद्यालय बंद ठेवण्यात आले, सर आशुतोष मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, आणि सुभाषबाबूंना महाविद्यालयातून काढण्यात आले. पुढे १९१७ साली स्कॉटिश चर्च महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. मारहाणीचे समर्थन कोणी करू नये, आम्हीही करीत नाही. तथापि अर्ज आणि आघात यांच्यामध्ये जो महिना गेला, त्याकडे लक्ष द्यावे. त्या महिन्यात तक्रार ऐकणारी कोणतीही नियमबद्ध जागा त्या संस्थेत नव्हती. ज्याच्या हाताखालच्या माणसाविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच दारात ते नेणे एवढाच मार्ग होता.

स्वातंत्र्यानंतर महाविद्यालये वाढली, वसतिगृहे वाढली, आणि 'रॅगिंग' हा इंग्रजी शब्द आपल्या सर्व भाषांत स्थिरावला. विद्यापीठांच्या कारभाराचा विचार करण्यासाठी अनुदान आयोगाने १९६९ साली न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विद्यार्थ्यांचा कारभारात सहभाग कसा असावा याचाही तिने विचार केला. विद्यार्थी हा केवळ शिस्तीचा विषय नसून संस्थेचा घटक आहे, ही कल्पना अशा रीतीने सरकारी अहवालांत शिरू लागली होती. पण वसतिगृहाच्या खोलीत रात्री काय चालते, हा प्रश्न अजून कायद्याच्या कक्षेबाहेरच होता.

तो कक्षेत आला एका हत्येमुळे. १९९६ च्या नोव्हेंबरात तामिळनाडूतील अण्णामलै विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकणारा नवरसू हा विद्यार्थी मारला गेला. त्याचे वडील त्या वेळी मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू होते. म्हणजे विद्येच्या राज्यातील सर्वोच्च पदही एका मुलाला वाचवू शकले नाही. तामिळनाडू सरकारने तातडीने वटहुकूम काढला आणि १९९७ साली त्याचा कायदा झाला. खटला मात्र दीर्घकाळ चालला. कनिष्ठ न्यायालयाने आरोपी वरिष्ठ विद्यार्थ्याला १९९८ साली दोषी ठरविले, उच्च न्यायालयाने २००१ साली सोडले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली पुन्हा दोषी ठरविले.

महाराष्ट्राने आपला कायदा १९९९ साली केला. त्यात छळ करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय दोषी विद्यार्थ्याला काढून टाकावयाचे आणि पाच वर्षे अन्य कोठेही प्रवेश द्यावयाचा नाही, अशी तरतूद आहे. परंतु आमच्या मते त्या कायद्याचा गाभा निराळाच आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी केली पाहिजे. आणि त्याने हयगय केली, तर त्याने त्या छळास अपप्रेरणा दिली असे मानले जाईल, असे तो कायदा म्हणतो. न ऐकणारा हा तटस्थ नसून सहभागी असतो, ही गोष्ट येथे कायद्याच्या भाषेत लिहिली गेली.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिकाही याच दिशेने पालटत गेली. २००१ साली विश्व जागृती मिशनच्या याचिकेवर निर्णय देताना न्यायालयाचा सूर सौम्य होता. छळ रोखणे हे संस्थेचे काम आहे. पोलिसांना संस्थाप्रमुखाच्या सांगण्यावरून आत येऊ द्यावे, आणि आपल्यासमोर गुन्हेगार नसून विद्यार्थी आहेत याचे भान त्यांनी ठेवावे, असे ते म्हणाले. सहा वर्षांत हा सूर टिकला नाही. केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक राघवन यांच्या समितीचा अहवाल आल्यावर १६ मे २००७ रोजी न्यायालयाने आदेश दिला की, पीडित विद्यार्थी अथवा पालक संस्थेच्या कारवाईने समाधानी नसतील तर संस्थेने पोलिसांकडे फिर्याद दिलीच पाहिजे, आणि त्यात टाळाटाळ झाली तर तो दंडनीय निष्काळजीपणा समजला जाईल.

आदेश झाला, तरी ८ मार्च २००९ रोजी हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा एकोणीस वर्षांचा मुलगा वरिष्ठांच्या मारहाणीने दगावला. चौघांना २०१० साली चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. अमनचे वडील राजेंद्र काचरू यांनी आपल्या दुःखाचे काम केले. देशभरातून केव्हाही दूरध्वनी करता येईल अशी मदतवाहिनी त्याच वर्षी सुरू झाली आणि पुढे तिच्यावरील तक्रारींचा पाठपुरावा करण्याचे काम मुलाच्या नावाच्या न्यासाने अनेक वर्षे केले. जून २००९ मध्ये अनुदान आयोगाने नियम जारी केले. प्रत्येक संस्थेत छळप्रतिबंधक समिती आणि रात्री-अपरात्री वसतिगृहात जाऊन पाहणी करणारे पथक, गुन्हा दिसल्यास चोवीस तासांत फिर्याद, आणि विद्यार्थी व पालक या दोघांचीही प्रतिज्ञापत्रे, असे त्यांचे स्वरूप होते. आपण सही करतो तो कागद तो हाच.

त्याच वर्षी आम्ही परप्रांतातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात दाखल झालो. वडिलांनी सही केली, आम्हीही केली. पहिले वर्ष जसे जावयाचे तसे गेले. दुसऱ्या वर्षी एका रात्री पहिल्या वर्षाचा एक मुलगा आमच्या खोलीत आला. आपल्याच मुलखातला, म्हणून ओळख होती. वरच्या मजल्यावरील मुले त्याला रात्र रात्र जागवीत, आपल्या वह्या त्याच्याकडून लिहवून घेत, आणि नकार दिला की भिंतीकडे तोंड करून उभे करीत. "दादा, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. मला एक अर्ज लिहून द्याल का?" एवढेच त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "थोडे दिवस कळ काढ. स्वागत समारंभ झाला की सगळं आपोआप थांबतं." त्याने मान डोलावली. दिवाळीच्या सुटीला तो घरी गेला, तो परत आलाच नाही. त्याची खाट दुसऱ्या कोणाला मिळाली.

पुढे नोकरीत लागल्यावर काही कामानिमित्त त्या प्रतिज्ञापत्राचा नमुना आमच्या टेबलावर आला, आणि तो आम्ही प्रथमच वाचला. त्यात केवळ 'मी छळ करणार नाही' असे म्हटलेले नाही. कृतीने अथवा अकृतीने मी त्यास साहाय्य करणार नाही, असे म्हटले आहे. त्या 'अकृतीने' या शब्दावर आमची नजर बराच वेळ खिळून राहिली. आमच्या हातून घडली ती हीच गोष्ट.

आता याच इतिहासाचा दुसरा प्रवाह पाहू. मुलींच्या बाबतीत गाऱ्हाणे नेण्याची वाट याहूनही अरुंद होती, कारण तेथे तक्रार करणारीच्याच चारित्र्याची चौकशी प्रथम होई. या वाटेवरील एक महत्त्वाचा टप्पा महाविद्यालयीन अध्यापकांनीच गाठून दिला, आणि त्याचे मूळ महाराष्ट्रात आहे. १९७२ साली तत्कालीन चांदा जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यातील पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या पत्राचा मुख्य मुद्दा होता. देशभर चळवळ झाली आणि १९८३ साली कायदा सुधारला. जेथे एकाच्या हाती सत्ता आहे तेथे दुसऱ्याच्या मौनाचा अर्थ जपून लावला पाहिजे, हे तत्त्व चौकीला जितके लागू तितकेच प्रयोगशाळेला आणि मार्गदर्शकाच्या खोलीलाही लागू आहे.

पुढे राजस्थानात भंवरीदेवी या साथिनीने बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उद्भवलेल्या 'विशाखा' याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायमूर्ती वर्मा, श्रीमती सुजाता मनोहर आणि किरपाल यांनी निर्णय दिला. प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया नकोत, आणि वरून दडपण येऊ नये म्हणून बाहेरचा एक त्रयस्थ घटक हवा, असे त्यात ठरले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने १९९९ साली याला अनुसरून समिती उभारली. तीत विद्यार्थी, अध्यापक आणि कर्मचारी यांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसत. २०१७ साली ती बरखास्त होऊन तिच्या जागी अंतर्गत तक्रार समिती आली. नेमलेली समिती आणि निवडलेली समिती यांपैकी विश्वास कोणीवर अधिक, हा वाद तेव्हापासून त्या परिसरात आहे.

पण निर्णय होणे आणि अंमल होणे यांत अंतर असते, हे आपणास सांगावयास नको. पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोटवाल-लेले यांनी, विशाखा निर्णयाचे पालन होत नाही, अशी उदाहरणे देणारे पत्र सर्वोच्च न्यायालयास लिहिले. त्या पत्राचीच याचिका झाली. २००४ साली न्यायालयाने आदेश दिला की, या समितीचा अहवाल हाच सेवानियमांखालील चौकशी अहवाल समजावा. वरवर हा केवळ कार्यपद्धतीचा मुद्दा वाटतो. तथापि त्यामुळे एकदा समितीपुढे सर्व काही सांगितलेल्या स्त्रीला खातेनिहाय चौकशीत तेच पुन्हा सांगण्याच्या यातनेतून सुटका मिळाली. टिपणीतील एक ओळ माणसाचे किती दुःख वाचवू शकते, याचे हे उदाहरण आम्ही कारकुनांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

२०१३ साली संसदेने कायदा केला आणि अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम मे २०१६ मध्ये जारी झाले. विद्यार्थिनींचा त्यांत स्पष्ट उल्लेख आहे. विद्यार्थी आणि तृतीयपंथी हेही बळी पडू शकतात याची जाणीव आहे. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा सत्ताधाऱ्यांनी समितीवर बसू नये, प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, तक्रार तीन महिन्यांत द्यावी, चौकशी नव्वद दिवसांत संपावी, असे ते नियम सांगतात. प्रवेश, शुल्क, निकाल, शिष्यवृत्ती अशा इतर गाऱ्हाण्यांसाठी एप्रिल २०२३ मध्ये वेगळे नियम झाले. त्यांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने कामाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यावयाचा, आणि समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. १९१६ साली जी जागा अस्तित्वातच नव्हती, ती आज निदान कागदावर तरी तीन-तीन ठिकाणी आहे.

परंतु कागद पुरेसा पडत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठात पहिल्या वर्षाचा एक मुलगा वसतिगृहाच्या सज्जावरून पडून मरण पावला आणि छळाच्या आरोपावरून अनेकांना अटक झाली. जुलै २०२५ मध्ये ओडिशातील बालासोर येथे विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केलेल्या एका विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या आवारात स्वतःला जाळून घेतले. तिने समितीकडे तक्रार केली होती. नियम होते, समिती होती, अर्जही होता. नव्हता तो केवळ वेळीच मिळालेला विश्वास.

या साऱ्या इतिहासातून आमच्या हाती एक साधी कसोटी लागली आहे. कोणत्याही संस्थेच्या तक्रार व्यवस्थेला तीन प्रश्न विचारावेत. ऐकणारा कोण? किती दिवसांत? आणि त्याने ऐकले नाही तर त्याचे काय? जस्टिनियनने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. महाराष्ट्राच्या कायद्याने तिन्ही प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. ज्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर समितीच्या सदस्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक नाहीत, तेथे पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नाही असे समजावे, आणि मुलाला सोडावयास गेलेल्या पालकाने ते त्याच दिवशी विचारावे. आपण सरकारी माणसे. आपल्याला फलक वाचण्याची आणि जावक क्रमांक मागण्याची सवय आहे. ती सवय येथे उपयोगी पडावी.

मात्र या तीन प्रश्नांच्याही आधी एक चौथा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही नियमावलीत सापडत नाही. छळ सोसणारे मूल प्रथम समितीकडे जात नाही, प्राचार्यांकडे जात नाही. ते शेजारच्या खोलीत जाते, किंवा रात्री उशिरा घरी दूरध्वनी करून इकडचे-तिकडचे बोलत राहते. तेथे जे उत्तर मिळते त्यावर पुढचे सारे अवलंबून असते. 'कळ काढ' हे उत्तर आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी बसलेले आहे. ते आम्ही दिले, तेव्हा आमच्या मनात दुष्टावा नव्हता. नव्हते ते केवळ धैर्य, आणि एक अर्ज लिहिण्याइतका वेळ.

आज आमच्या हातून रोज दहा-वीस मसुदे लिहिले जातात. कोणाची रजा, कोणाची बदली, कोणाचा प्रवासभत्ता. त्या मुलाचा अर्ज मात्र लिहावयाचा राहिला. यंदा ज्यांच्या घरून मूल वसतिगृहात जाणार आहे, त्यांनी सही करण्यापूर्वी तो कागद मुलासमवेत एकदा मोठ्याने वाचावा, 'अकृतीने' या शब्दापाशी थोडे थांबावे, आणि मग सही करावी, एवढीच आमची विनंती आहे.